आधी माणूस, मग भिंत, मग मशीन

ये वं, इकडे ये. अशी जवळ बस. आता कागदावरून जवळ कसं बसायचं ते तुझं तू बघ. पण आधी कान पकड, कारण मावशीला तुझ्यावर रागवायचं आहे.

काल फोनवर तू काय म्हणालीस? "मावशी, शनिवारी आमच्या घराची ऊर्जा तपासणी आहे, माणूस येणार आहे, म्हणून मी पडदे धुतले, जाळ्या काढल्या, फ्रिज पुसला, आणि तो यायच्या आधी दोन तास एसी लावून ठेवणार, म्हणजे घर छान गार वाटेल." अवं येडे, तो काय मुलगी पाहायला येऊन राहिला काय? डॉक्टरकडे जाताना कोणी तापाची गोळी खाऊन जाते काय? तू सुद्धा माझीच भाची निघालीस. तीच चूक, तेच पडदे. म्हणून हे लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेच "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि ऐकत काही नाहीस.

आमच्याकडे जे आले होते त्यांना सगळी कॉलनी मीटरवाले भाऊ म्हणायची. नाव होतं, पण ते कोणी घ्यायचं नाही. वीज खात्यात आयुष्यभर मीटर तपासले आणि रिटायर झाल्यावर घरं तपासायला लागले. अंगाने काटकुळे. डोक्याला पांढरा दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, खाली सायकल. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला काचेचा थर्मामीटर, तो सदऱ्याच्या आत. लोकांना वाटायचं ताईत आहे. कोणाच्या घरात शिरले की तो बाहेर काढायचे, एका खिळ्याला टांगायचे आणि म्हणायचे, "आता हा बोलीन, आपण गप्प बसायचं."

आणि खरंच गप्प बसायचे वं. प्रत्येक खोलीत पंधरा मिनिटं. घरमालकालाही सोबत बसवायचे. आमच्या मागच्या गल्लीत एक रिटायर्ड हेडमास्तर होते. त्यांना एसी घ्यायचा होता, दोन टनाचा की दीड टनाचा एवढंच विचारायला त्यांनी भाऊंना बोलावलं. भाऊंनी त्यांना घरभर फिरवून पाचही खोल्यांत बसवलं. हेडमास्तरांची बायको मला म्हणाली, "बाई, एसीचं काहीबी होवो. लग्नापासून आज पयल्यांदा हे सव्वा तास चूप बसले."

दुसरी त्यांची वस्तू म्हणजे लग्नपत्रिकेची पट्टी. जुन्या पत्रिकेचा जाड कागद कापून खिशात ठेवलेला. फ्रिजच्या दारात ती पट्टी धरायची, दार लावायचं आणि ओढायची. अडकली तर ठीक. सुळकन बाहेर आली तर मान हलवून म्हणायचे, "वहिनी, तुमचा फ्रिज मोहल्ला गार करून राहिला." मग फ्रिजच्या पाठीमागे हात घालायचे. तिथली धूळ बोटाला लावून घरच्या बाईला नाही, घरच्या पुरुषाला दाखवायचे. म्हणून बाया त्यांच्यावर खूश.

उदबत्ती पण असायची. देवाची नाही. बंद खिडकीच्या कडेला, दाराच्या फटीला धरायची आणि धूर कुठं वाकतो ते बघायचं. "उकाडा येते बाहेरूनच," ते म्हणायचे, "पण त्याले आत कोण घेऊन राहिलं थे पाहा."

आणि एक वही. शाळेतली, दोनशे पानी. त्यात निळ्या शाईने सगळं लिहायचे, नेहमी तीन भाग पाडून. आधी माणूस, मग भिंत, मग मशीन. लोकांना मशीनचं ऐकायचं असायचं, तर ते शेवटच्या पानावर. पहिलं पान माणसाचं. कोण किती वाजता उठतं, कोण कुठं बसतं, कोण कुठं झोपतं, अंघोळीला गरम पाणी कोणाला लागतं आणि कोणाला नुसती सवय आहे. "मशीन बदलणं महाग," म्हणायचे, "भिंत बदलणं मध्यम, माणूस बदलणं फुकट. म्हणून आधी माणूस." ही त्यांची गणितं. त्या फुकटाच्या कलमात नेहमी एकच सल्ला असायचा: दुपारी पश्चिमेच्या खोलीत झोपू नका, दुसरीकडे जा. कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी त्यांच्या सांगण्यावरून खाटा हलवल्या होत्या.

आता माझं सांगते.

तुझे मावसाजी गेले त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्याच्या आदल्या मे महिन्यात मला ऊन लागलं. उन्हात गेले नव्हते, घरातच लागलं. चक्कर येऊन पडले, शेजारणीने उचललं. तुझा दादा पुण्याहून धावत आला आणि त्याने धोशा लावला, "आई, हे घर म्हणजे भट्टी आहे. विकून टाकू. तू पुण्याला चल." मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, का नाही? वर्षभर हाच पाढा चालला. शेवटी कोणीतरी त्याला सांगितलं की आधी घराची तपासणी करून घ्या, त्यात सगळं कळतं. तर तो म्हणाला, "ठीक आहे. तो माणूस काय लिहितो ते पाहू. घर सुधारण्यासारखं असलं तर सुधारू. नाही तर तू माझ्यासोबत येशील. कबूल?"

कबूल म्हणावंच लागलं.

मग मी काय केलं ऐक, आणि हसू नकोस, कारण तू तेच करून राहिलीस. एप्रिल लागला होता, ऊन चांगलं तापायला लागलं होतं. भाऊ सकाळी दहाला येतो म्हणाले होते. मी पाचला उठले. अंगणात पाणी मारलं. गच्चीवर चढून बारा बादल्या पाणी ओतलं. फरशी दोनदा पुसली. कुलर सहापासून लावला, फ्रिजमधला बर्फही त्यात टाकला. पडदे ओले करून टांगले. घर असं गार की मलाच खोकला आला. पाहुण्याची जशी तयारी करतो तशी केली. पण मनात पाप होतंच, खोटं कशाला बोलू.

भाऊ आले. चपला काढल्या, फरशीवर अनवाणी उभे राहिले. पायाची बोटं जरा हलवली. वर पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं. मी म्हटलं, "बसा भाऊ, चहा ठेवते." तेव्हा मला माहीत नव्हतं की ते तपासणीच्या घरी चहा घेत नाहीत. दोन मिनिटं ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग बसले. म्हणाले, "ठेवा."

मी आनंदाने आलं घालून चहा केला, सोबत चिवडा दिला. त्यांनी सावकाश सगळं खाल्लं. मावसाजींच्या फोटोला नमस्कार केला. दादा काय करतो विचारलं. मला वाटलं, जिंकलं आपण. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि वही न उघडता उठले.

"वहिनी, घर बढिया आहे. आज मी पाहुणा म्हणून आलो होतो. तपासाले येईन कधीतरी."

"कधी?"

"थे सांगून आलो तर पुन्हा पाहुणाच होईन ना."

थर्मामीटर त्यांनी बाहेर काढलाच नव्हता. सायकलवर टांग टाकताना म्हणाले, "चहा घेतला की पाहुण्याले घराचे दोष दिसत नाहीत. अन् घरालेही लाज वाटते दाखवाची." मी फाटकात उभी, हातात ओला पडदा.

आठ दिवस आले नाहीत. रोज दहाला मी तयार. नवव्या दिवशी मी म्हटलं आता नाही येत. आणि त्याच दिवशी आले, दुपारी साडेतीनला, जेव्हा कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.

मी कुठं होते सांगू? पश्चिमेच्या खोलीत. मावसाजींच्या पलंगाशेजारी माझी खाट आहे, तिच्यावर ओला टॉवेल छातीवर घेऊन पडले होते. दादाला मी सांगून ठेवलं होतं की मी समोरच्या खोलीत झोपते. समोरची खोली उत्तरेची, तुलनेत गार. शेजारणीलाही तेच सांगितलं होतं. ऊन लागलं ते पण ह्याच खोलीत, पण पडले स्वयंपाकघराच्या दारात, म्हणून कोणाला कळलं नाही.

बेल वाजली. दार उघडलं तर भाऊ, दुपट्ट्यातून नुसते डोळे दिसत होते. "आता मी पाहुणा नाही," म्हणाले.

सगळ्यात आधी मागितली वर्षभराची वीजबिलं. ती त्यांनी फरशीवर पत्त्यांसारखी महिन्यांच्या क्रमाने मांडली आणि मे-जूनच्या दोन कागदांवर बोट ठेवलं. मग विचारत गेले. उठता कधी, जेवता कधी, पाण्याचा पंप किती वेळ चालतो. मी खरं खरं सांगत गेले. मग त्यांनी विचारलं, "झोपता कुठं?"

"समोरच्या खोलीत."

ते समोरच्या खोलीत गेले. दिवाणावर इस्त्रीची चादर, एक सुरकुती नाही. वर आठवडाभराचे पेपर रचलेले आणि उशीवर वाळत घातलेली कोथिंबीर. त्यांनी पाहिलं. वहीत काही लिहिलं नाही.

मग गच्चीवर गेले. मी खालून ओरडले, "भाऊ, चपला घाला हो!" तर ते अनवाणीच. त्यांची रीत ती. टाकीपर्यंत जाऊन येताना कोंबडीने धावावं तसे धावले. खाली येऊन तळवे चोळत म्हणाले, "छत तुमचं तवा आहे वहिनी. भाकर टाका." पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून हात लावला, मग आतून. "ही दिवसभर ऊन पिते अन् संध्याकाळी आपल्या आंगावर ओकते." खिडकीचा पडदा बघून म्हणाले, "पडदा आतून लावला तर ऊन काचेतून घरात येऊन पडद्यामागं बसते. त्याले बाहेरच अडवा लागते." आणि कुलर बघून तर कपाळाला हात लावला. कुलर खोलीच्या आत होता ना! मावसाजी आजारी असताना अंगावर झोत येऊ नये म्हणून मी तो खिडकीतून काढून आत कोपऱ्यात फिरवून ठेवला होता. तेव्हापासून तसाच. "ओली हवाच पुन्हा ओली करून राहिला हा," ते म्हणाले. "घाम वाळन कसा?"

आणि मग ती मीटरची गोष्ट. तुझ्याकडचा माणूसही हे करेल, बघ. त्यांनी घरातलं सगळं बंद करायला लावलं. पंखे, दिवे, फ्रिज, कुलर, मोबाईलचा चार्जर, टीव्हीच्या मागचं बटण. ओसरीत मीटरसमोर आम्ही दोघं उभे. सगळं बंद म्हणजे मीटरचा तो लाल दिवा थांबायला पाहिजे. तो थांबला नाही. बऱ्याच वेळाने एकदा लुकलुकला. पुन्हा बऱ्याच वेळाने एकदा.

"घरात कोणीतरी जागं आहे," भाऊ म्हणाले.

कोण जागं आहे ते मला माहीत होतं.

भाऊ खोल्याखोल्यांतून कान देत फिरले. सगळं बंद असल्यामुळे घर असं शांत झालं होतं की भिंतीवरची पाल चुकचुकली तरी दचकावं. पश्चिमेच्या खोलीच्या दारात ते थांबले. वाकले. मग गुडघे टेकून पलंगाखाली डोकं घातलं.

तुला आठवते ना, मावसाजी दीड वर्ष अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी हवेची गादी सांगितली होती, तिला एक लहानसा पंप असतो. पंप घूंऽ करत राहतो आणि गादीचे कप्पे एकाआड एक फुगतात, बसतात. जणू गादीच श्वास घेते. ते गेले त्या दिवशी लोकांनी पलंगावरची चादर काढली, औषधं काढली. पंप कोणाच्या लक्षात आला नाही. तेराव्यानंतर सगळे गेल्यावर घरात तो एकच आवाज उरला. दोनदा मी बटणापाशी हात नेला. तो बंद केला की घरात काय उरेल ते मला माहीत होतं. म्हणून नाही केला. आणि खोली भट्टी झाली तरी तिथंच झोपत राहिले, कारण आवाज समोरच्या खोलीपर्यंत जात नाही.

भाऊंनी पंपावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"किती दिवसांपासून चालू आहे?"

"दोन वर्षं झाले."

"अन् भाऊसाहेब जाऊन?"

"दोन वर्षं झाले."

ते तसेच जमिनीवर बसून राहिले. पंधरा मिनिटं झाली असतील. पंप घूं करत होता, गादी फुगत होती, बसत होती. मग म्हणाले, "पाणी देता काय थोडं?"

पाणी देताना मी हात जोडले. "भाऊ, बाकी काहीही लिहा. हे लिहू नका. पोरगा म्हणेल आईचं डोकं फिरलं. मले घेऊन जाईल."

त्यांनी ग्लास रिकामा केला, उपडा ठेवला. "वहिनी, पाहिलं अन् लिहिलं नाही असं मी आजपर्यंत केलं नाही." आणि वही काखेत मारून निघून गेले.

पुढचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. त्यांची पद्धत अशी की अहवाल घरच्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. रविवारी सकाळी ते आले, चहाला नाही म्हणाले. दादा फोनवर, फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. मी साबुदाणा निवडायला घेतला होता, उगीच हाताला काम म्हणून. एकच मूठ पुन्हा पुन्हा निवडत होते.

दादाने सुरुवातच केली, "काका, मला सरळ सांगा. आईनं त्या घरात राहावं की नाही?"

"साहेब, मी घर तपासतो. मायले नाही तपासत," भाऊ म्हणाले आणि चष्मा लावला. "पयलं पान. माणूस. घरात माणूस एक. झोपण्याची जागा, पश्चिमेची खोली."

फोनमध्ये एकदम, "आई! तू तर मला सांगितलं होतंस की..."

"साहेब, मधी बोलू नका, माझी ओळ चुकते," भाऊ म्हणाले. "पश्चिमेची खोली घरातली सगळ्यात गरम. तिथं पलंगाखाली हवेच्या गादीचा पंप आहे. दोन वर्षांपासून रात्रंदिवस चालू. गादी रिकामी. वीज घेते झिरोच्या बल्बाइतकी." मग थांबले, पान बोटाने दाबून सपाट केलं. "सूचना, काही नाही."

माझ्या हातातला साबुदाणा ताटात पडला.

मग दादा हळू आवाजात म्हणाला, "काका, मी ऐकलं आहे की तुम्ही सगळ्यांना खोली बदलायला सांगता. त्याला खर्च येत नाही म्हणून."

"सांगतो."

"मग आईला काहून नाही सांगितलं?" बघ, पुण्याचं पाणी पिऊन वीस वर्षं झाली पोराला, पण गळा भरला की 'का'चं काहूनच होते.

भाऊंनी चष्मा काढला. "साहेब, आधी माणूस म्हणजे दर वेळी माणसानंच हलावं असं नाही. ज्याले हलता येते त्याले मी हलवतो. इथं माणूस पक्का आहे. मंग भिंतीले बदला लागते." आणि पान उलटलं. "दुसरं पान. भिंत. सुरुवात पश्चिमेच्या खोलीपासून..."

पुढचं सगळं त्यांनी एका दमात वाचलं. छताला चुना, खोलीच्या खिडकीला बाहेरून बांबूची ताटी, कुलर उचलून खिडकीच्या बाहेर, समोरच्या खिडकीची झडप दोन बोटं उघडी म्हणजे हवा निघून जाईल, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे. मशीनच्या पानावर एकच ओळ होती: एसीची आता गरज नाही, पुढच्या वर्षी पुन्हा पाहू. दादा म्हणाला, "कधी सुरू करायचं?" भाऊ म्हणाले, "चुना मी इतवारी बाजारातून आणला आहे, सायकलले बांधला आहे."

तर असं ते काम झालं. चुन्यात डिंक घालून त्यांनी स्वतः छताला तीन हात दिले. चुना पुसूनही निघेना, तर दोन्ही हात पांढरे घेऊन आठवडाभर फिरले. आठ दिवसांनी भर दुपारी पुन्हा अनवाणी वर गेले. ह्या वेळी देवळात चालावं तसे सावकाश टाकीपर्यंत गेले आणि आले. खाली येऊन फक्त मला तळवे दाखवले.

मी कैरीचं लोणचं घेऊन त्यांच्या घरी गेले. तेव्हा कळलं की राहतात शहराबाहेर वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामावर भाड्याची खोली. वर पत्रे! खाली ट्रक येतात-जातात, धूळ, आणि ती खोली म्हणजे अशी की लोणच्याची बरणी मी हातातून खाली ठेवली नाही, म्हटलं तेल उकळेल. साऱ्या कॉलनीची घरं गार करणारा माणूस पत्र्याखाली.

मी म्हटलं, "भाऊ, इथं आधी माणूस कुठं गेला?"

हसले. "मालक पत्र्याले हात लावू देत नाही. अन् माणूस दिवसभर बाहेरच असते ना, लोकाच्या घरी."

"मंग उद्यापासून दुपारी माझ्या घरी. तपासणी समजा."

आले बाप्पा. सायकल लावायची, ओसरीत खुर्ची टाकायची, थर्मामीटर खिळ्याला टांगायचा, वही मांडीवर उघडायची आणि पाचव्या मिनिटाला घोरायचं. माठातलं पाणी घ्यायचे, चहा मात्र नाही. म्हणे, तपासणी चालू आहे. तीन उन्हाळे ती तपासणी चालली.

आणि दादाचं राहिलंच. त्याच मे महिन्यात तो आला, खात्री करायला. मी पाहत होते, तो दिवसभर घाम येण्याची वाट पाहत होता. जेवण झालं आणि म्हणाला, "मी बाबांच्या पलंगावर पडतो जरा." तो त्या गादीवर आडवा झाला. खाली पंप घूं करत होता. बराच वेळ तो छताकडे पाहत होता. मग भिंतीकडे तोंड करून झोपला. पाच वाजता मी चहाचं विचारायला गेले, तर तो पाय पोटाशी घेऊन पडला होता. डोळे न उघडता म्हणाला, "आई, चादर दे ना."

नागपूरच्या मे महिन्यात, वं! पश्चिमेच्या खोलीत! मी चादर अंगावर घातली आणि ओसरीत येऊन भाऊंना हलवून उठवलं. "भाऊ, लिहा. पोराने चादर मागितली." त्यांनी अर्धवट झोपेत खरंच लिहिलं. वही दाखवीन तुला. त्यानंतर घर विकायचा शब्द दादाने काढला नाही.

ह्या फेब्रुवारीत पंप आपोआप बंद पडला. सकाळी जाग आली ती शांततेने. मी भाऊंना फोन केला. ते तेव्हा सामान बांधत होते, मुलीकडे कळमेश्वरला कायमचे जाणार होते. तरी आले. थर्मामीटर खिळ्याला टांगला, पेपर पसरून पंप उघडला. "आतला रबरी पडदा फाटला. इतवारीत मिळते. करू काय दुरुस्त?"

मी पलंगाकडे पाहिलं. गादी खाली बसली होती. खोली मात्र गार होती. ती होतीच.

म्हटलं, "आज राहू द्या. चहा घेता काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिळ्यावरचा थर्मामीटर काढून पुन्हा सदऱ्याच्या आत घातला. "ठेवा," म्हणाले. "मंग आज मी पाहुणा." दोघांनी सावकाश चहा घेतला. घरात काहीच आवाज नव्हता, आणि ती शांतता मला सोसली. जाताना त्यांनी तो पंप पुन्हा जोडून, पुसून फडताळात ठेवला. वही मला देऊन गेले.

तर पोरी, शनिवारच्या माणसाकडे कॅमेरा असेल, भिंती लाल-निळ्या दाखवणारा. असू दे. पण तू घर आवरू नकोस. बिलं काढून ठेव. एसी रोज लावतेस तितकाच लाव. तू खरी कुठं झोपतेस ते विचारलं तर खरं सांग. आणि तपासणी होईपर्यंत चहा देऊ नकोस.

मग इकडे ये. आता मे लागेल. पश्चिमेची खोली तुझ्यासाठी ठेवली आहे, ताटी बाहेरून बांधली आहे, आणि ओसरीतली खुर्ची दुपारी रिकामी असते, ती मला बघवत नाही. चादर घेऊन येऊ नकोस, मी देईन. लवकर ये. आणि सांगून येऊ नकोस.